पेढीचा शब्द आणि यंत्राचे तोंड

जबलपूरच्या कमानिया गेटखालून दररोज जा-ये करणाऱ्या सहस्रावधी माणसांपैकी, ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे हे ठाऊक असणारी माणसे आता थोडीच राहिली असतील. आणि त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आपले अध्यक्षीय भाषण स्वमुखाने वाचलेच नाही, ही गोष्ट तर त्याहूनही थोड्यांच्या स्मरणात असेल. पट्टाभि सीतारामय्या यांच्याविरुद्ध १५८० मते मिळवून ते निवडून आले होते खरे. परंतु मार्च महिन्यात नर्मदाकाठी अधिवेशन भरले त्या वेळी ज्वराने त्यांना असे काही ग्रासले होते की, त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र यांना वाचून दाखवावे लागले. वाचणारे मुख एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे, असा तो प्रकार होता. पण ते शब्द कोणाचे आणि त्यांच्या बऱ्यावाईट परिणामाचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी मंडपातल्या एकाही माणसाच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. दुसऱ्याच्या मुखाने बोलणे ही काही आपल्या युगाची नवलाई नव्हे. नवलाई आहे ती त्या मुखाच्या मागे कोणीच उभे नसण्याची, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

माझ्या एका मावसभावाची मुलगी जबलपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे कुटुंब तीन पिढ्यांपासून तिथले. नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, आणि कचेरी, न्यायालय, शाळा व रेल्वे यांच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने जी मराठी घरे त्या काळी नर्मदेच्या खोऱ्यात गेली, त्यांतलेच हे एक. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि बाजारात बुंदेलीची झाक असलेली ती खास जबलपुरी बोली, अशा तीन पदरांत या मुलांचे बोलणे विणले गेले आहे. संदेश पोहोचविण्याच्या विद्येला हे शहर अपरिचित नाही. दूरसंचाराचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था इथे १९४२ पासून आहे, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून, आणि माहिती-तंत्रज्ञानाची राष्ट्रीय दर्जाची संस्था २००५ पासून. तेव्हा या मुलीने एखाद्या क्लाउड सेवेच्या साहाय्याने चॅटबॉट, म्हणजे ग्राहकाच्या प्रश्नांना लेखी उत्तरे देणारा संगणकीय कारकून, बनविण्याचा अभ्यासक्रम घरबसल्या पुरा केला, आणि प्रात्यक्षिक म्हणून कमानिया गेटजवळच्या सराफ्यातल्या एका ओळखीच्या पेढीसाठी तसा एक कारकून उभा करावयास घेतला, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. आश्चर्य मला वाटले ते तिला मिळालेले प्रमाणपत्र आणि पेढीवरचा पहिला आठवडा यांच्यामधली तफावत पाहून.

अशा अभ्यासक्रमात काय शिकवितात ते थोडक्यात सांगणे भाग आहे. विद्यार्थ्याने प्रथम ग्राहकाचे हेतू ठरवावयाचे: भाव विचारणे हा एक हेतू, दुकानाची वेळ विचारणे हा दुसरा. प्रत्येक हेतूखाली, तो ज्या वाक्यांनी व्यक्त होऊ शकेल अशी दहा-पाच नमुन्याची वाक्ये लिहावयाची. मग त्या हेतूच्या पूर्ततेसाठी जे तपशील लागतात, उदाहरणार्थ दागिना कोणता आणि वजन किती, त्यांच्यासाठी रिकामे खण ठेवावयाचे. ग्राहकाने तो तपशील आपण होऊन दिला नाही तर यंत्र तो विचारून घेते. खण भरले की एक छोटासा प्रोग्राम पेढीच्या नोंदींतून उत्तर काढून आणतो. आणि ज्या प्रश्नाचा कोणत्याच हेतूशी मेळ बसत नाही, त्याच्यासाठी शेवटी 'क्षमा करा, समजले नाही' असे एक वाक्य लिहून ठेवावयाचे. अमेझॉनने २०१७ साली लेक्स या नावाची सेवा सर्वांसाठी खुली केली, गूगलने त्याच वर्षी आपल्या सेवेला डायलॉगफ्लो हे नाव दिले, आणि तपशिलाचा भेद सोडला तर दोहोंचा सांगाडा हाच आहे. मांडणी सुबक आहे, सोपी आहे, आणि एका दुपारी पडद्यावर काहीतरी बोलू लागते याचा आनंदही खोटा नाही.

मात्र नवशिक्यासाठी दिलेले नमुने पाहा. लेक्सबरोबर तयार मिळणारे पाठ म्हणजे फुलांची मागणी नोंदविणे, प्रवासासाठी हॉटेल वा मोटार राखून ठेवणे आणि दंतवैद्याची वेळ घेणे. हे तिन्ही व्यवहार असे आहेत की, ग्राहकाला काय हवे ते त्याला आधीच ठाऊक असते, दुकानाचे उत्तर ठरलेले असते, आणि दोघांच्या मध्ये संकोच, घासाघीस वा अविश्वास यांपैकी काहीच नसते. सराफाच्या पेढीवर यांतले एकही गृहीत टिकत नाही.

त्या पेढीवर एक वृद्ध मुनीमजी आहेत. दूरध्वनीवर येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे आहे, आणि शेठजींनीच मुलीला सांगितले की, 'बेटा, पहले इनके पास बैठो'. ती बसली, आणि माझ्या मते तिच्या संपूर्ण शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग तो होता. आजचा भाव विचारला तर मुनीमजी भाव सांगतात. परंतु सकाळी बाजाराचा भाव लागण्यापूर्वी विचारला तर कालचा भाव कदापि सांगत नाहीत. घडणावळीचा प्रश्न आला तर नग पाहिल्याशिवाय आकडा बोलत नाहीत. जुना दागिना मोडीत घातल्यास किती येतील असे कोणी विचारले, तर 'ले आइए, देख के बताएँगे' यापलीकडे एक अक्षर त्यांच्या तोंडून निघत नाही, कारण घट किती धरावयाची, डाक किती निघेल, हे दागिना हातात घेतल्याशिवाय सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड. हॉलमार्क २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून नव्या नगावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असल्याशिवाय तो विकता येत नाही, हे ते प्रत्येकाला न विचारता सांगतात. मात्र घरातल्या जुन्या दागिन्याला हा नियम लावून कोणाला घाबरवीत नाहीत. थोडक्यात, कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे, कोणत्याला थांबवून ठेवावयाचे आणि कोणत्याला माणसाला पेढीवर बोलावून घ्यावयाचे, हा विवेक हीच त्यांची विद्या आहे. अभ्यासक्रमात या विद्येला जागा होती ती शेवटच्या त्या 'समजले नाही' या वाक्यापुरती. मुनीमजींना सगळे समजलेले असते. तरीही ते उत्तर देत नाहीत, आणि न समजणे व समजून न बोलणे यांतला हा भेद यंत्राच्या मांडणीत मुद्दाम, स्वतंत्र हेतू म्हणून, घालावा लागतो. तो कोणी शिकविल्याशिवाय विद्यार्थ्याला सुचत नाही.

भाषेचा प्रश्न याहून निराळा आणि अधिक किचकट. मुलीने घरी बसून लिहिलेली नमुना-वाक्ये शुद्ध, पुस्तकी हिंदीत होती: 'कृपया आज सोने का भाव बताइए'. या शहरात असे कोण बोलते? इथे गिऱ्हाईक म्हणते, 'बड्डे, पायल का जोड़ कित्ते का पड़ेगा?', आणि तेच मोबाइलवर टंकताना रोमन लिपीत, अर्धे शब्द गाळून लिहिते. मराठी घरांतल्या बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. ठुशी, गोठ, तोडे, वज्रटीक ही नावे दागिन्यांच्या यादीत नव्हतीच. आणि मुलीच्या आजीने परीक्षा पाहण्यासाठी 'पाटल्या मोडायच्या आहेत' असे लिहिले, तेव्हा यंत्राने मोडतोड झाल्याचे अनुमान काढून तिला दुरुस्तीचा तक्ता दाखविला. आजी हसल्या. पण खरोखरीच्या अडचणीत सापडून पाटल्या मोडावयास निघालेली एखादी बाई हसली असती असे मला वाटत नाही. पुढे त्या मुलीने मुनीमजींच्या शेजारी वही घेऊन बसून, गिऱ्हाइके जशी बोलली तशी वाक्ये, त्यांच्या अशुद्धतेसह, उतरवून घेतली, आणि त्यानंतर त्या यंत्राची समज एकदम सुधारली. क्लाउड सेवा तीच होती, तिचे दर तेच होते. बदलले ते इतकेच की, आता त्या वाक्यांत सराफ्याचा आवाज होता.

आता यावर कोणी म्हणेल की, ही हेतू आणि खणांची पद्धत जुनी झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि त्यानंतर मोठमोठ्या भाषा-प्रारूपांना आपले दस्तऐवज वाचावयास दिले की ती कोणत्याही बोलीतला प्रश्न समजून घेऊन अस्खलित उत्तर देतात; अशा सेवा क्लाउडवर भाड्याने मिळू लागल्या, आणि नमुना-वाक्यांचा खटाटोप कोणी करावयाचा? हे अर्धे खरे आहे. समजण्याची बाजू या नव्या पद्धतीत पुष्कळच सुधारली, यात शंका नाही. पेढीच्या नियमपत्रकाचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याच्या अर्थाची अंकांत नोंद करून, प्रश्नाशी जुळणारे तुकडे प्रारूपापुढे ठेवावयाचे आणि त्यांच्या आधाराने उत्तर रचावयास सांगावयाचे, ही तिची रीत. परंतु ज्या गोष्टीचा तुकडा दप्तरात नाहीच, तिच्याविषयी विचारले असता हे प्रारूप मुनीमजींसारखे गप्प बसत नाही; ते संभाव्य वाटणारे उत्तर तितक्याच सफाईने रचून देते. आणि मुनीमजींचे नियम कोणत्या कागदावर लिहिलेले आहेत? ते त्यांच्या डोक्यात आहेत. म्हणजे कागद तयार करण्यासाठी पुन्हा त्यांच्याच शेजारी वही घेऊन बसणे आले. जुन्या पद्धतीत न शिकलेले यंत्र अडखळे, आणि अडखळले की मालकाला कळे. नव्या पद्धतीत ते अडखळत नाही, म्हणून मालकाला कळत नाही. या दोहोंत अधिक धोक्याची कोणती, हे मी वाचकांवर सोपवितो.

अस्खलितपणाला माणूस किती लवकर भुलतो याचा दाखला फार जुना आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एलिझा नावाचा एक संवादक प्रसिद्ध केला, जो बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून त्याला प्रश्न म्हणून परत देई. त्याला काहीच समजत नव्हते, हे त्याच्या कर्त्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही ज्या चिटणीस बाईंनी ते काम चाललेले महिनोन्महिने पाहिले होते, त्यांनीच एकदा एलिझाशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. त्या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की, उरलेल्या आयुष्यात ते आपल्याच क्षेत्राचे कठोर टीकाकार बनले. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत एलिझाचा उल्लेख इतिहासाचे पहिले पान म्हणून होतो, आणि तिच्या कर्त्याला पडलेली चिंता त्या पानावर येत नाही.

आता उत्तरदायित्वाकडे वळू. कॅनडातल्या एका प्रवाशाने, घरातल्या मृत्यूनिमित्त मिळणाऱ्या सवलतीविषयी एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला विचारले, आणि तिकीट काढल्यानंतर ९० दिवसांत अर्ज केला तरी चालेल, असे उत्तर त्याला मिळाले. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. पैसे परत मागितले तेव्हा कंपनीने न्यायाधिकरणापुढे जी कैफियत मांडली, ती कायद्याच्या इतिहासात जपून ठेवण्याजोगी आहे: हा चॅटबॉट म्हणजे आपल्या कृत्यांना स्वतः जबाबदार असलेली एक स्वतंत्र व्यक्तीच होय, असा तिचा आशय होता. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने २०२४ च्या फेब्रुवारीत हा बचाव फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ६५० डॉलरांची भरपाई देवविली. रक्कम क्षुल्लक आहे, तत्त्व क्षुल्लक नाही. त्रिपुरीच्या मंडपात जी गोष्ट कोणाला सांगावी लागली नव्हती, ती एका मोठ्या विमान कंपनीला निकालपत्रात लिहून सांगावी लागली. आमच्या सराफ्यात ती तशी सांगावी लागू नये. कारण तिथे 'पेढीचा शब्द' हीच पेढीची पुंजी, आणि यंत्राने चुकीचा भाव सांगितला तर गिऱ्हाईक क्लाउडवाल्या कंपनीकडे नव्हे, कमानिया गेटजवळच्या त्या गादीपुढे येऊन उभे राहणार आहे.

आणखी एका गोष्टीचा कोणी विचार केलेला दिसत नाही. दागिना विकावयास कोण आले होते, हे सराफ कोणाला सांगत नाही. घराची अब्रू त्याच्या मौनावर टांगलेली असते. चॅटबॉटशी झालेला संवाद मात्र बहुधा जसाच्या तसा नोंदला जातो, तो पुढे सुधारणेसाठी वाचला जातो, आणि तो कोठे, किती दिवस राहील हे सेवा उभारणाऱ्याने ठरविल्यावर अवलंबून असते. अमेझॉनने मुंबईत २०१६ साली आणि हैदराबादेत २०२२ साली आपली संगणककेंद्रे उघडली असली, तरी प्रत्येक सेवा प्रत्येक केंद्रात मिळतेच असे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमती आणि प्रयोजन यांची बंधने घातली आहेत. परंतु कायदा वाचण्याआधी मुनीमजींचे मौन पाहिलेला विद्यार्थी, नोंद केव्हा पुसावयाची हा प्रश्न आपण होऊन विचारील.

या सगळ्याचा अर्थ, असली यंत्रे लहान दुकानदाराने वापरूच नयेत, असा मुळीच नाही. रात्री दहानंतर, दुकानाच्या फळ्या पडल्यावर, उद्या पेढी उघडी आहे का, हॉलमार्कची खूण कशी तपासावी, भिशीचा हप्ता किती राहिला, असले प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते, आणि त्यांना उत्तर मिळणे ही खरी सोय आहे. खर्चही अवाच्या सवा नाही. लेक्सच्या दरपत्रकात मजकुरातल्या दर हजार विनंत्यांना पाऊण डॉलर पडतो. सरकारनेही या वाटेने पावले टाकली आहेत: भारतीय भाषांसाठी भाषिणी हा उपक्रम २०२२ साली सुरू झाला, आणि पीएम-किसान योजनेच्या शेतकऱ्यांसाठी किसान ई-मित्र हा संवादक २०२३ साली. ज्या शेतकऱ्याला आपला हप्ता का अडला हे विचारण्यासाठी तहसिलीत खेटे घालावे लागत, त्याला स्वतःच्या भाषेत घरबसल्या कारण कळणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. किंबहुना यंत्राची गरज सराफापेक्षा तिथेच अधिक आहे, आणि तिथे चुकीच्या उत्तराची किंमतही अधिक आहे, कारण त्या शेतकऱ्याला दुसऱ्या पेढीवर जाण्याची सोय नाही.

माझा आक्षेप शिकविण्याच्या रीतीवर आहे. नागपूरपासून जबलपूरपर्यंत गल्लोगल्ली निघालेले वर्ग आज विद्यार्थ्याला जे शिकवितात, ते एका विशिष्ट कंपनीच्या पडद्यावर कोणती कळ कोठे आहे इतकेच असते. कंपनी दोन वर्षांनी पडदा बदलते, आणि प्रमाणपत्र भिंतीवर तसेच राहते. विद्यार्थ्याचा दोष नाही. नोकरीच्या जाहिरातीत त्या कळांचीच नावे असतात. परंतु कळा शिकण्यास एक दुपार पुरते. एखाद्या पेढीवर, दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीवर किंवा तहसिलीतल्या अर्जांच्या मेजापाशी महिनाभर बसून, लोक काय विचारतात, कसे विचारतात आणि अनुभवी माणूस कशाचे उत्तर देत नाही, हे टिपून घेण्यास मात्र गुरू लागतो, आणि असे गुरू आपल्या बाजारपेठांतून निवृत्त होत चालले आहेत. त्यांच्या जागी यंत्र बसविण्यापूर्वी त्यांच्याकडून शिकून घेण्याची ही शेवटची संधी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, चॅटबॉटच्या प्रकल्पाला गुण देताना, विद्यार्थ्याने प्रत्यक्ष माणसांकडून उतरवून घेतलेल्या प्रश्नांची वही आणि 'या प्रश्नांना यंत्राने उत्तर द्यावयाचे नाही' अशी यादी, या दोन गोष्टी नसतील तर तो प्रकल्प स्वीकारूच नये. आणि दुकानदारांना सांगणे हे की, यंत्राने दिलेले प्रत्येक उत्तर आपल्या सहीने दिले गेले असे समजूनच ते गादीवर बसवावे. ज्याची तेवढी तयारी नसेल, त्याने तूर्त मुनीमजींनाच राहू द्यावे, आणि त्यांचा पगार वाढवावा.